अंगानं मोठ्या माणसाचा परदेश प्रवास : तुमचे अनुभव सांगाल का?

रंकाळ्याकाठची :

माझं वजन १०४ किलो, उंची पाच फूट दोन इंच. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी अंदाज बांधत बसायला नको. वय ४७, कोल्हापुरात एका हायस्कूलमध्ये शिकवते. मे महिन्यात नवऱ्याबरोबर जपानला जाऊन आले, टूरमधून, नऊ दिवस. त्याआधीच्या दहा वर्षांत परदेशाची दोन आमंत्रणं मी टाळली होती. एक भावाचं अमेरिकेहून, एक मैत्रिणीचं दुबईहून. दोघांनाही सांगितलं, शाळेला रजा मिळत नाही. खरं कारण विमानातली खुर्ची होतं.

यावेळी मुलांनी परस्पर पैसे भरले म्हणून जाणं झालं. बातमी गल्लीत पसरली तशी एकेक सुरू झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जपानला? अगं, तिथली माणसं काडीसारखी. तुला बघायला गर्दी जमंल की." जाऊबाईंनी मोबाइलवर फॉरवर्ड पाठवला की जपानात जाड असणं गुन्हा आहे, कंबर मोजतात आणि दंड करतात. टूरच्या बैठकीत तीस-पस्तीस माणसांदेखत तिथल्या मुलानं विचारलं, "मॅडम, तुमच्यासाठी दोन सीट बघायच्या का?" माझा नवरा माझ्यापेक्षा आठ किलोनं जास्त भरतो. तो शेजारीच बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही. त्याला आमच्या गल्लीत सगळे 'पैलवान' म्हणतात, आणि तालमीची पायरी त्यानं कधी चढलेली नाही.

मुंबईहून रात्रीचं विमान होतं. पट्टा चार बोटं कमी पडला. श्वास आत घेतला, अंग चोरलं, पुन्हा ओढला, नाहीच. मग शाल पांघरली आणि पट्ट्याची दोन्ही टोकं शालीखाली हातात धरून बसले. तपासायला आलेली मुलगी बघून पुढे गेली. रात्रभर तशीच. विमान जरा हललं की पोटात गोळा यायचा. नवऱ्यालाही सांगितलं नाही. येताना पुन्हा तेच.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते लिहिते. हाकोनेला एका जपानी पद्धतीच्या हॉटेलात उतरलो होतो. खोलीत दोन युकाता, म्हणजे कमरेला पट्टा बांधून घालायचे जपानी झगे, घडी करून ठेवलेले, सुती, निळ्या नक्षीचे. डावी बाजू उजवीवर घ्यायची, उलट घेतली तर ते मयताचं नेसणं होतं, असं गाईडनं बजावलं होतं. माझी डावी बाजू उजवीपर्यंत पोचेचना. मध्ये वीतभर फट. शेवटी पंजाबी ड्रेसवर तो अंगरख्यासारखा चढवला आणि जेवायला गेले. वाढणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात, गुडघ्यांवर बसून एकेक वाटी ठेवत होत्या. त्यांनी माझ्याकडे वर मान करून पाहिल्याचंही मला आठवत नाही. जेवून खोलीत आले, तर गादीच्या उशाशी दुसरा युकाता. तीच नक्षी, तीच घडी, फक्त मोठा. कमरेचा पट्टाही लांब. कुणी दार वाजवलं नाही, कुणी "हा बसेल बघा" म्हणालं नाही. नेसून पाहिला तर डावी बाजू पार बगलेपर्यंत गेली. मी आरशासमोर उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे धीर करून गरम पाण्याच्या कुंडावर गेले. तिथं अंगावर काहीच ठेवायचं नसतं. आधी छोट्या स्टुलावर बसून स्वच्छ आंघोळ करायची, मग पाण्यात उतरायचं, हातभर टॉवेल तेवढा डोक्यावर. पाण्यात पाच-सहा बायका होत्या, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. कुणाच्या पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण, कुणाची पाठ वाकलेली. मी उतरले तशी एक आजी जरा सरकल्या, हातानं 'या' असं केलं आणि डोळे मिटून घेतले. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आईच्या माघारी माझं अंग कुणी न मोजता बघितल्याचं मला आठवत नाही. त्या पाण्यात अर्धा तास तसा गेला.

पण टोकियोत वेगळंच झालं. चार मजल्यांच्या कपड्यांच्या दुकानात माझ्या अंगाला येईल असा एक सदरा मिळाला नाही. कुणी चकार शब्द बोललं नाही. रिकाम्या हातानं बाहेर पडताना विक्रेतीनं कमरेत वाकून निरोप दिला. महाद्वार रोडला माझे शिंपीकाका आहेत, वीस वर्षं त्यांच्याकडे ब्लाउज शिवते. ते टेप लावतात आणि दुकानात चार बायका उभ्या असताना खणखणीत आवाजात पोराला सांगतात, "लिही रे, छाती शेहेचाळीस, दंड सोळा." मला दर वेळी जमिनीत जावंसं वाटतं. पण ब्लाउज असा येतो की कुठं काचत नाही, कुठं चुणी पडत नाही. आमची चप्पलही तशीच, पाय कागदावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, आठ दिवसांनी न्यायची. पंगतीत पाटावर बसलं की मांडी मावते का असा प्रश्न येत नाही.

म्हणजे आपल्याकडे वस्तू अंगाच्या मापाला येतात आणि माणसं बोलून घेतात. तिथं माणसं सांभाळून घेतात आणि वस्तू सांगतात, तू यात बसत नाहीस. मला यातलं काय जास्त लागलं ते अजून ठरवता येत नाही. तुम्ही कुठं कुठं गेलात, तिथं काय वाट्याला आलं, लिहाल का?

भुईचाफा :

पट्ट्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत. मीही हेच केलंय, माझ्याकडे ओढणी होती. मला वाटत होतं असं करणारी मी जगात एकटीच.

आभाळवाट :

रंकाळ्याकाठची ताई, भुईचाफा, दोघींना हात जोडून सांगते, असं पुन्हा कधीही करू नका. मी अकरा वर्षं विमानात केबिन क्रू म्हणून काम केलं आहे. हवेच्या एका खळग्यात पट्टा न लावलेलं माणूस छताला आपटतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पट्टा कमी पडला तर जोडपट्टा असतो. हातभर लांबीचा, एका टोकाला खिट्टी, दुसऱ्या टोकाला तिची जोड. त्याला सीट बेल्ट एक्स्टेंडर म्हणतात. त्याचे पैसे पडत नाहीत. विमानात चढताना दारात जी व्यक्ती उभी असते तिला हळू आवाजात सांगा, ती जागेवर आणून देते. लहान बाळांसाठीही आम्ही निराळे पट्टे काढतो, उंच माणसाचे गुडघे सांभाळतो, कुणाला इन्सुलिन ठेवायला थंड जागा देतो. हे त्यातलंच एक काम, कामाव्यतिरिक्त आमच्या मनात काही येत नाही. बाहेरून विकत घेतलेला जोडपट्टा मात्र बहुतेक कंपन्या चालू देत नाहीत, आणि तो लावला असेल तर संकटकाळी दाराजवळच्या रांगेत बसता येत नाही.

अजून दोन गोष्टी, कुणी सांगत नाही म्हणून. अगदी पहिली रांग मोकळी दिसते म्हणून लोक मागून घेतात, पण तिथं जेवणाचा ट्रे हाताच्या दांडीत घडी केलेला असतो. दांडी पक्की, वर होत नाही, बसायची जागा उलट कमी होते. मधल्या रांगेत वाटेकडची जागा घ्या. पुष्कळ विमानांत वाटेकडच्या दांडीच्या खाली, सांध्याजवळ, एक छोटी कळ असते. ती दाबली की दांडी वर जाते. साध्या वर्गातली खुर्ची १७ ते १८ इंच रुंद असते. त्यात दांडी उचलून मिळालेला एक इंच दहा तासांच्या प्रवासात फार असतो.

ताम्हण :

मूळ इचलकरंजी, गेली नऊ वर्षं टोकियोच्या शेजारी राहतो. जाऊबाईंच्या फॉरवर्डबद्दल आधी लिहितो, कारण तो मलाही दर वर्षी येतो. जपानात जाड असणं गुन्हा नाही, कुणाला दंड होत नाही, पर्यटकाचा तर प्रश्नच नाही. एप्रिल २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांच्या वार्षिक तपासणीत कंबर मोजतात. पुरुषांना ८५ सेंटिमीटर, बायकांना ९०. त्यापुढे माप गेलं आणि रक्तदाब, साखर वगैरेही वाढलेलं असलं, तर आहार-व्यायामाचा सल्ला देतात. सल्ला देण्याची जबाबदारी विमा चालवणाऱ्या संस्थेवर असते, आणि ती कमी पडली तर झळ तिला बसते.

पण ताई, तुम्हाला जो शांतपणा दिसला तो पाहुण्यासाठी होता, हेही सांगायला हवं. ऑफिसात तपासणीचा महिना आला की माझे सहकारी रात्रीचं जेवण सोडतात. माझ्या टीममधली एक मुलगी, तुम्ही बघितलीत तर बारीकच म्हणाल, तिला तिची आई फोनवर रोज वजन विचारते. घरातल्यांची तोंडं इथंही चालतात. परक्याला ती ऐकू येत नाहीत.

आणि याच देशात सुमो पैलवानाला रस्त्यात लोक वाट देतात, बाया लेकरं त्याच्या हातात देतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमोंचा एक जथा स्पर्धेसाठी अमामी ओशिमा बेटावर निघाला होता. तिथं उतरू शकणारं विमान लहान, पैलवानांची वजनं आणि इंधन यांचा मेळ बसेना. जपान एअरलाइन्सनं त्यांच्यासाठी जादा विमान सोडलं. तुम्हाला कपडे हवे होते तर टोकियोतल्या र्योगोकू भागात जायचं होतं. सुमोंच्या वस्त्या तिथं आहेत, त्यामुळे मोठ्या मापांची दुकानंही आहेत. नेहमीच्या दुकानातलं एलएल म्हणजे आपलं एल, हे धरून चाला.

गंगावेस :

ताम्हणभाऊ, र्योगोकूचं नाव काढलंसा, आता माझं ऐका. २०१८ ला आम्ही तालमीतले चार मित्र मिळून जपानला गेलो, कुस्ती बघायला म्हणूनच. तिथल्या कोकुगिकान या सुमोच्या आखाड्यात जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशा तीन वेळा स्पर्धा भरतात. जमिनीवर चौकटी असतात, एका चौकटीत चार आसनं. चार जपानी माणसं तिथं आरामात बसतात. आम्ही चौघं मिळून चारशे वीस किलो. दोघं गुडघे पोटाशी घेऊन, दोघं पाय बाहेर टाकून. शेजारच्या चौकटीतल्या म्हाताऱ्यानं आमच्याकडे बघितलं, स्वतःच्या दंडावर थाप मारली आणि बोटानं विचारलं, कुस्ती? आम्ही मान हलवली. त्यानं आपली एक उशी आमच्या बाजूला सरकवली आणि सगळी स्पर्धा हातवारे करत समजावून सांगितली. सुमोत वजनी गट नसतो. शंभर किलोचा दोनशे किलोच्याला भिडतो, आणि पाडतो सुद्धा. हवाईचा कोनिशिकी २८० किलोच्या वर होता, १९८७ ला ओझेकी झाला, म्हणजे सुमोतला दोन नंबरचा किताब. तिथवर पोचलेला पहिला परदेशी माणूस. जपानी लोकांनी त्याला डोक्यावर घेतला.

आपल्या गावाला मोठ्या अंगाची कधी लाज वाटलेली नाही. शाहू महाराजांची देहयष्टी किती धिप्पाड होती ते फोटोत दिसतंच. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला महाराज विलायतेला गेले, केंब्रिजनं त्यांना एलएल.डी. दिली. त्याच प्रवासात रोमचं जुनं मैदान बघितलं आणि इथं खासबागचं कुस्ती मैदान उभं केलं. अंगानं आणि मनानं मोठा माणूस परदेशात ताठ मानेनं गेला आणि गावासाठी काहीतरी घेऊन आला. ताई, तुम्ही कशाला अंग चोरता?

रंकाळ्याकाठची :

गंगावेस दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, नवऱ्यालाही वाचून दाखवला. तुम्ही आपुलकीनं विचारलंत म्हणून उत्तर देते. आपल्या गावानं मोठ्या अंगाचा मान ठेवला तो पुरुषाच्या. दूध कट्ट्यावर म्हशीच्या धारेचं दूध पिणाऱ्या पोराला "तब्येत झाली" म्हणतात तेव्हा त्यात कौतुक असतं. मला "तब्येत झाली" म्हणतात तेव्हा नजर खाली पोटाकडे जाते. दोघांना शब्द तोच. नवऱ्यासाठी गावाकडे 'पैलवान' आहे, 'धिप्पाड' आहे, 'भारदस्त' आहे. माझ्यासाठी असलेले शब्द मी इथं लिहीत नाही. शाळेत मुली ते एकमेकींना म्हणतात आणि मी वर्गात असले की गप्प होतात, म्हणजे ते मलाही लागू आहेत हे त्यांना ठाऊक असतं.

म्हणून त्या युकाताचं मला इतकं वाटलं. ती बाई मला काहीच म्हणाली नाही. तिनं फक्त माप बघितलं आणि तेवढं मोठं कापड आणून ठेवलं.

गंगावेस :

बरोबर हाय तुमचं. माझी बहीणही अंगानं मोठी, तिला आम्ही भाऊच काय काय म्हणायचो ते आता आठवलं. तिला उद्या फोन करतो.

स्पष्ट_बोलतो :

सगळे हळवे झाले आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मुंबई ते लंडन नऊ तास माझ्या शेजारी एक खूप जाड गृहस्थ होते. माझ्या एक तृतीयांश जागेवर ते होते. मीही पूर्ण तिकीट काढलं होतं. माझा खांदा चार दिवस दुखत होता. त्याबद्दल बोलायचं नाही का? आणि वजन हा आजाराचा प्रश्न आहे. 'जसे आहात तसे छान' म्हणत राहिलो तर लोकांचं नुकसान होईल.

रंकाळ्याकाठची :

बोलायचं. तुमचा खांदा खरंच दुखला, त्यात खोटं काही नाही. पण त्या गृहस्थांचे नऊ तास कसे गेले असतील तेही मी सांगू शकते, कारण मी त्या खुर्चीत बसले आहे. तुमच्याकडचा हात पोटावर दाबून धरायचा, पाणी कमी प्यायचं, कारण उठलं की पुन्हा तुम्हाला त्रास. झोप नाहीच. तुम्ही दोघांनीही पूर्ण पैसे दिलेत आणि दोघांनाही जागा कमी मिळाली. ती १७ इंचांची खुर्ची त्यांनी ठरवलेली नव्हती.

आजाराचं म्हणाल तर माझी साखर काठावर आहे, गोळी चालू आहे, रोज रंकाळ्याला एक फेरी होते. हे मी तुम्हाला सांगायला बांधील नाही, तरी सांगितलं. विमानातल्या पट्ट्याला त्याच्याशी काही घेणं नाही.

दवाखान्यातून :

डॉक्टर आहे, फिजिशियन. स्पष्ट_बोलतो यांचा दुसरा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही, पण प्रवासापुरतं काय कामाचं ते लिहितो. लांबच्या विमानप्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सगळ्यांनाच थोडा असतो, वजन जास्त असेल तर वाढतो. म्हणून अवघडून, पाणी न पिता, न उठता बसणं हे सगळ्यात वाईट. रंकाळ्याकाठची यांनी वर जे वर्णन केलंय, लाजेपोटी जे माणूस करतं, तेच नेमकं धोक्याचं आहे. तासा-दीड तासानं उठा, बसल्या जागी घोटे फिरवत राहा, पाणी प्या. पूर्वी गुठळी झाली असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा.

आणि 'जाड' कुणाला म्हणायचं हेही देशावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या मापात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २५ च्या पुढे जादा वजन, ३० च्या पुढे स्थूलपणा. आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो म्हणून भारतीयांसाठी हे आकडे २३ आणि २५ धरले जातात. माझ्याकडे 'तुम्ही स्थूल आहात' असं ऐकून गेलेली बाई मुलाकडे अमेरिकेला जाते आणि तिथला डॉक्टर म्हणतो थोडंसंच जास्त आहे. तिला वाटतं दोघांपैकी एक खोटं बोलतोय.

सहप्रवाशाच्या वादावर कॅनडानं एक उत्तर काढलंय. २००८ मध्ये तिथल्या वाहतूक लवादानं निकाल दिला की अपंगत्वामुळे, आणि त्यात अपंगत्व यावं इतका स्थूलपणाही आला, ज्याला दुसरी सीट लागते त्याच्याकडून देशांतर्गत प्रवासात दुसरं भाडं घ्यायचं नाही. विमान कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथं त्यांचं अपील ऐकायलाच घेतलं नाही. म्हणजे शेजाऱ्याचा खांदाही सुटला आणि त्या माणसाचा खिसाही.

आभाळवाट :

उलट टोकही झालंय. सामोआ एअरनं २०१३ मध्ये प्रवाशाच्या किलोप्रमाणे भाडं लावलं होतं. आणि विमानतळावर वजनकाटा दिसला तर घाबरू नका. एअर न्यूझीलंडनं २०२३ मध्ये ऑकलंडहून निघणाऱ्या प्रवाशांची वजनं घेतली, विमानाचा भार ठरवायला सरासरी लागते म्हणून. ऐच्छिक होतं, आणि काट्यावर आकडा कुणालाच दिसत नव्हता, शेजारी उभ्या कर्मचाऱ्यालाही नाही. माझ्या मनात येतं, काटा असा ठेवता येतो तर कपड्यांच्या दुकानात आणि शाळेच्या आरोग्य तपासणीत का नाही ठेवत?

केळीची_बाग :

थायलंड. बँकॉकच्या बाजारात एक बाई मला लांबून बघून ओरडायला लागली, "बिग साइज, मॅडम, बिग साइज!" मी तोंड फिरवून निघून गेले, दोन दिवस बाजारात पाऊल टाकलं नाही. मग हॉटेलातल्या मुलीशी ओळख झाली. तिच्या भावाचं घरातलं नाव 'ऊअन', म्हणजे जाड्या. चुलतभावाचं 'मू', म्हणजे डुक्कर. दोघेही मोठेपणी तेच नाव सांगतात, ऑफिसात सुद्धा. शेवटच्या दिवशी त्या बाईकडे गेले. तिच्याकडे खरंच मोठी मापं होती, तीन पायजमे घेतले. तिनं मला शिवी दिलीच नव्हती, ती माल विकत होती.

सासने_मैदान :

माझी मुलगी १९ वर्षांची. कोरियन भाषा शिकतेय, सप्टेंबरमध्ये सेऊलला एक वर्ष जायचंय. अंगानं भरलेली आहे. तिकडच्या मालिका बघून बघून गेल्या सहा महिन्यांत तिनं भात सोडला, मग पोळी सोडली. परवा बाथरूममधून ओकण्याचा आवाज आला. म्हणते पित्त झालंय. मला झोप नाही. पाठवू की नको?

दवाखान्यातून :

ताई, पाठवायचं की नाही हे नंतर. आधी या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या, मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलंत तर अधिक बरं. ओकणं एकदाच झालं असेल असं धरून चालू नका. तिला रागावू नका, वजनाबद्दल घरात कुणी एक शब्द बोलू नका, कौतुकाचाही नको. "बारीक झालीस, छान दिसतेस" हेही नको.

हे वेड तिनं एकटीनं ओढवून घेतलेलं नाही. फिजी बेटांवर भरल्या अंगाची बाई म्हणजे तिच्या माणसांनी तिची नीट काळजी घेतली असं मानत. तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही पोचला १९९५ मध्ये. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. आधी वजन कमी करायला ओकणारी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांत हे प्रमाण ११ टक्क्यांवर गेलं. दोन्ही वेळी साठ-पासष्ट मुलीच होत्या, पण मला तो अभ्यास विसरता येत नाही.

जून_पाऊस :

सासने_मैदान काकू, मी सेऊलमध्ये दोन वर्षं शिकत होते, वजन ८२. खरं ते सांगते. भुयारी बाजारात कपड्यांवर 'फ्री साइज' लिहिलेलं असतं, ते माप म्हणजे आपल्याकडचं स्मॉल किंवा फार तर मीडियम. घालून बघू देत नाहीत. घरमालकीण बाई भाजी देताना म्हणायच्या, वजन कमी केलंस तर किती सुंदर दिसशील. पहिले तीन महिने मी खोलीत रडले. मग इतेवॉनला गेले, परदेशी लोकांची वस्ती, तिथं मोठ्या मापांची दुकानं आहेत. आणि आईनं इथून चार कुडते शिवून पाठवले, ते वापरून वापरून विरले.

तिला आत्ता या अवस्थेत पाठवू नका. बरी झाली की जरूर पाठवा. तिला माझ्याशी बोलायचं असेल तर मला निरोप करा, मी फोन करेन.

सासने_मैदान :

उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. तिला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. वाचून काही बोलली नाही, पण फोन परत दिला नाही.

कापशी :

व्हिएन्नात निसर्गविज्ञानाचं संग्रहालय आहे. १९०८ मध्ये डॅन्यूबकाठच्या विलेनडॉर्फ गावाजवळ सापडलेली एक दगडी मूर्ती तिथं आहे, सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीची. तिच्यासाठी वेगळी अंधारी खोली केली आहे. आत गेले आणि आधी दिसलीच नाही, इतकी लहान, जेमतेम ११ सेंटिमीटर, तळहातात मावेल. मोठं ओघळलेलं पोट, जड छाती, भरलेल्या मांड्या, बारीक हात छातीवर ठेवलेले. कुणीतरी दगडाच्या हत्यारानं पोटाखालची वळीसुद्धा कोरली आहे. घाईत करता येईल असं ते काम नाही. माझ्या पोटाला अगदी तशीच वळी आहे. तिथं उभी असताना माझा हात आपोआप त्या वळीवर गेला आणि मी तो काढून घेतला नाही.

दुधाळी :

मी वय ६८. वजन ९८, दोन्ही गुडघे गेलेत. मुलगी टोरांटोला, तिला नववा महिना लागलाय. तिकीट काढून ठेवलंय जावयांनी, आणि मी रोज काहीतरी निमित्त काढतेय. डॉक्टरसाहेब, कॅनडाचा तो नियम मला लागेल का? आणि आभाळवाट बाई, तो पट्टा इंग्रजीत कसा मागायचा?

आभाळवाट :

काकू, तो नियम कॅनडाच्या आतल्या प्रवासाला आहे, मुंबईहून जाताना नाही लागायचा. पण तुम्हाला दुसरी सीट लागेल असं वाटत नाही. तिकिटावर चाकाची खुर्ची आत्ताच मागून ठेवा, गुडघ्यांसाठी, फुकट असते. वाटेकडची जागा. आणि दारात एवढंच म्हणा, "सीट बेल्ट एक्स्टेंडर, प्लीज." हे चार शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवा. नाही आठवले तर कागद दाखवा.

रंकाळ्याकाठची :

काकू, नक्की जा. दिवाळीत मीही भावाकडे निघाले आहे. काल फोन करून सांगितलं, रजेचं कारण खोटं होतं हेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

दुधाळी :

पोचले. परवाच पोचले, आज वेळ मिळाला. नात झाली, तीन किलो दोनशे.

विमानाच्या दारात पोरगी उभी होती. पाठ केलेले शब्द ऐनवेळी गेले आणि कागद पर्समध्ये सापडेना. मी पोटावर हात ठेवला आणि पट्टा ओढायची खूण केली. तिनं मान हलवली. बसल्यावर पाच मिनिटांत आली आणि मुठीत गुंडाळलेला पट्टा माझ्या हातात ठेवून गेली. लावला. खटकन लागला, वर आणखी वीतभर उरला.

शेजारी एक पंजाबी बाई होती, माझ्याच वयाची. मांडीवर जाड शाल. माझ्या पट्ट्याकडे बराच वेळ बघत होती. मग तिनं शाल जरा बाजूला केली. तिच्या पट्ट्याची दोन टोकं तिच्या दोन हातांत होती. मी त्या पोरीला परत बोलावलं.